घटासमोर मोडलेली काडी

न्यायाधीशांनी विचारले, “तुम्हाला घटस्फोट हवा आहे ना?” आणि बाळांनो, लोणावळ्याच्या शाळेत सारा वर्ग एका शब्दात गप्प करणारी तुमची आजी स्वतःच गप्प झाली. तुमचे आजोबा आणि मी कितीतरी वर्षे वेगळे राहत होतो. ते वाईट नव्हते. आमचे जमलेच नाही, आणि एव्हाना एकमेकांवर काढायला रागही उरला नव्हता. दोघांच्या संमतीने वेगळे होता येईल असा कायदा नुकताच आला होता. ते ‘हो’ म्हणाले. माझ्या तोंडून मात्र तो शब्द निघेना. न्यायाधीश दयाळू होते. माझे मन अजून संसारात आहे असे समजून त्यांनी पुढची तारीख दिली. पुन्हा असेच झाले तर अर्ज फेटाळला जाईल, असे वकिलांनी बजावले.

तारखेच्या आदल्या दिवशी मी कुसगावच्या डोंगरावर वाघजाईच्या देवळात गेले. नवरात्र होते. देवीपुढे घट बसला होता, त्याच्याभोवती पिवळसर कोंब वर आले होते, बाजूला समई तेवत होती. मी हात जोडले, आणि मागायला गेले तर तोच शब्द आडवा आला. ज्या घटाला माझी आई धक्कासुद्धा लागू देत नसे, त्याच्यासमोर घटस्फोट कसा मागायचा? साऱ्या बायका देवीजवळ सौभाग्य मागतात. मी ते मोडून मागणार होते. तिचीच इच्छा नसेल, म्हणून तर वाचा गेली, असे मनात आले आणि मला रडू कोसळले.

तेवढ्यात वरच्या वाडीतली एक बाई गवताचा भारा पायरीशी टेकवून आत आली. एरवी ती ओढ्याच्या वाटेने जाई. त्या दिवशी तिला देवीला हात जोडून जावेसे वाटले, एवढेच.

“का गं रडतीस बाई? कुनी गेलं का?”

मी तिला सारे सांगितले, तो शब्दसुद्धा.

“घट बसल्यात आन तू फोडायचं बोलतीस व्हय?” ती म्हणाली. “आमच्यात काडी मोडत्यात. माजी न्हाई का मोडली, पंचांम्होरं? मंग दुसरा केला. पयल्यापरीस बरा हाय, पर घोरतो लय.”

“पण मावशी, कपाळाचं कुंकू?”

“वाघजाईला कुनी इचारलं का, तुजा नवरा कुटं म्हून? तरी मळवट भरतीच की.”

तिने भाऱ्यातून एक काडी उपसून माझ्या हातात दिली. मी ती देवीसमोर मोडली. समई तशीच तेवत राहिली, आणि मी डोळे पुसून उठले.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या कोर्टात तोच प्रश्न आला. वकिलांनी इंग्रजीत घोटून घेतलेले वाक्य मी साफ विसरले. “हो साहेब,” मी खणखणीत आवाजात म्हणाले, “मला काडी मोडायची आहे.” कारकुनाची लेखणी थांबली. तुमचे आजोबा मान खाली घालून हसले. “माझीही मोडा,” म्हणाले. किती वर्षांनी आम्ही एकाच गोष्टीवर हसत होतो! न्यायाधीशांनी हसू आवरले आणि निकाल दिला.

दसऱ्याला तुमच्या आईचा, तेव्हा ती लहान होती, हात धरून मी पुन्हा डोंगर चढले आणि वाघजाईची ओटी भरली. मावशी आलीच होती. तिने देवीच्या पायाचे कुंकू घेऊन माझे सारे कपाळ भरले. तशीच मी लोणावळ्याच्या बाजारपेठेतून, ओळखीच्या प्रत्येक दुकानासमोरून, मान वर करून घरी चालत आले.

त्यानंतर देवीपुढे मी कधी शब्द शोधत बसले नाही. माझ्यापाशी नव्हता तो शब्द तिने गवताच्या भाऱ्यातून पाठवला होता. तुम्हालाही कधी नेमके काय मागावे ते सुचले नाही, तर नुसते हात जोडा. पुढचे ती बघते.