आईने चाखलेली कोन्याक

चाळिशी गाठेपर्यंत मी दारूचा थेंब घेतला नव्हता. आमच्या घरात ती नको तितकी येऊन गेली होती. वडील भोसरीतल्या एका कंपनीत फिटर होते. ते पिऊन आले की आई आम्हा दोघी बहिणींना शेजारच्या काकूंकडे पाठवायची. वडिलांना जाऊन आता बारा वर्षं झाली.

मग ऑफिसात फ्रान्सहून आलेल्या एका बाईंनी जेवताना कोन्याकचा विषय काढला. द्राक्षांच्या वाइनचा अर्क काढायचा आणि तो ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरू द्यायचा. माझी मावशी मुरलेल्या लोणच्याबद्दल बोलते, तशा त्या बोलत होत्या. माझ्या डोक्यातून ते जाईना. कशी लागत असेल?

ताथवड्याच्या वाइन शॉपमध्ये तोंडाला स्कार्फ बांधून गेले.

"गिफ्ट द्यायचंय का मॅडम?"

"हो," मी खोटंच सांगितलं. सगळ्यात लहान बाटली घेतली.

शनिवारची दुपार होती. आई तळेगावला मावशीकडे गेली होती, ती संध्याकाळच्या लोकलने येणार होती. मी ओट्यापाशी उभी राहून काचेच्या ग्लासात थोडी ओतली आणि पाण्यासारखा घोट घेतला. घसा पेटला, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा नुसती जीभ भिजवली आणि थांबले. जाळ ओसरला तशा मागून मनुका आल्या, मग जायफळ, संत्र्याची वाळलेली साल, आणि अगदी शेवटी नुकत्याच कापलेल्या लाकडासारखं काहीतरी.

तेवढ्यात दाराच्या लॅचमध्ये किल्ली फिरली.

लवकर परतलेली आई उंबऱ्यातच थबकली. हा वास तिला ओळखायला वेळ लागला नाही. हातातली पिशवी न ठेवताच ती ओट्याशी आली.

"कधीपासून?"

"आज पहिल्यांदाच. शप्पथ, आई. फक्त चव बघायची होती."

"तेही असंच म्हणायचे."

मी ग्लास सिंकमध्ये ओतायला गेले, तर तिने मनगट धरलं. इतकं घट्ट, की वाटलं आता मारते.

"थांब. आण इकडं."

"आई, नको गं."

"पंचवीस वर्षं या वासाशेजारी झोपले. चव ठाऊक न्हाई मला."

तिने घोट घेतला. तोंड वाकडं झालं, पण ती थुंकली नाही.

"जरा थांब," मी हळूच म्हटलं. "जाळ जाऊ दे. मग मनुका लागतात."

ती डोळे मिटून उभी राहिली.

"लागतात," ती म्हणाली. "लाकूडबी लागतंय. त्यांची अशी नसणार."

"नसणार. त्यांची साधी होती."

"मग त्यांना त्यात काय मिळत होतं गं?"

ती खुर्चीत बसली. "कंपनी बंद पडली, तेव्हा वर्षभर डबा घेऊन घरातून निघायचे. कुठं बसायचे कुणास ठाऊक. मी कधी विचारलंच न्हाई."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"ही घरात ठेवू नको," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बाटली रिकामी केली, खिडकी उघडली. वास बराच वेळ रेंगाळला. तोवर मी वडिलांबद्दल विचारत राहिले आणि ती, अडखळत का होईना, सांगत राहिली.