पाण्यावर उभी राहिलेली पाखरं

नाथसागर भरला की शेवगावकडच्या काठावरच्या गावांना हायसं वाटतं. पाणी उपसायच्या मोटारी खाली सरकवाव्या लागत नाहीत, उसाची काळजी मिटते. त्या वर्षी भाद्रपदातच पाणी बांधावरच्या बाभळींना येऊन टेकलं. गावानं जलपूजन ठरवलं आणि वयानं थोरली सवाशीण म्हणून पाण्याची ओटी भरायला साळूबाईला बोलावलं. तिनं हळदकुंकू वाहिलं, खण आणि नारळ पाण्यात सोडला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मागं उभ्या असलेल्या सहादेवाच्या, तिच्या नवऱ्याच्या, मनात आलं, हे पाणी आटावं. लवकर आटावं.

तो दचकलाच. त्याचा जन्म आभाळाकडं बघण्यात गेला होता. पोरगा वैजनाथ शेजारीच उभा होता, आणि वैजनाथचा सगळा ऊस याच पाण्यावर होता.

"आबा, औंदा काय घोर न्हाई बगा," वैजनाथ म्हणाला.

"व्हय," सहादेव म्हणाला, आणि टोपी नीट करण्याच्या निमित्तानं त्यानं तोंड फिरवलं.

त्यांचं जुनं गाव या पाण्याखाली होतं. धरण झालं तेव्हा माणसं उठून वर माळावर आली. मातीची घरं विरघळून गेली. राहिलं ते काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ आणि त्याच्या शेजारचा पीराचा चौथरा. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की देऊळ उघडं पडतं, आणि पांगलेली माणसं गाळ तुडवत तिथं जातात. जी बाई पहिली पोचेल तिनं उंबरा धुवायचा, दिवा लावायचा, पुरणपोळीचा निवद ठेवायचा. ही रीत कुणी घालून दिली नव्हती, ती पडून गेली होती. साळूबाईनं ही पाळी कधी दुसरीला मिळू दिली नाही. पाणी गुडघाभर असतानाच ती लुगडं खोचून निघायची. बाया चेष्टेनं म्हणायच्या, "महादेव काय तुज्या म्हायेरचा हाय का गं?" ती हसून म्हणायची, "हाय की."

सहादेवाला घाईचं खरं कारण ठाऊक होतं. देवळाच्या मागच्या अंगाला त्यांची पहिली लेक पुरलेली होती. बारशाआधीच गेली, तिला नावही नव्हतं. बाकीच्या बाया यायच्या आत साळूबाई तिथं घटकाभर बसून घ्यायची. सहादेव तेवढा वेळ पुढच्या बाजूला उभा राहायचा. या गोष्टीवर दोघं कधी बोलले नव्हते.

आता तिचं काळीज दमलं होतं. पावलं सुजायची, चार पावलांत धाप लागायची. नगरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरून पाहिला आणि सहादेवाला बाहेर बोलावून सांगितलं, "बाबा, हिवाळा निघाला तर बघू." वैशाखाचं त्यांनी नाव काढलं नाही. देऊळ वैशाखाशिवाय कधी उघडं पडत नव्हतं, आणि यंदाच्या पाण्यावर तर तेव्हाही सांगता येत नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांचं फिरणं सुरू झालं. नूरमहंमदची रिक्षा होती. तो जुन्या गावातलाच, सहादेवाच्या वर्गातला. आठवड्याच्या बाजारादिवशी तो शेवगावात माणसं सोडायचा आणि येताना या दोघांना काठावर घेऊन जायचा. साळूबाईला मागच्या सीटवर उशी लावून बसवायचा.

"वहिनी, चला. तुमचा महादेव अन् माझा पीर, बगू या कोण आदी डोकं वर काढतंय."

"तुमचा पीर बुटका हाय, नूरभाऊ. त्यो मागंच राहणार."

काठावर रिक्षा थांबली की समोर नुसतं पाणी. पलीकडचा काठ धुक्यात नसल्यासारखाच. नदीकाठी कधी न दिसणारी पांढरी पाखरं तिथं हिवाळ्यात येतात. मासे पकडणारी पोरं त्यांना कुरव म्हणत. समुद्राची पाखरं, पण समुद्र टाकून इथं येतात. कधी चक्रवाक यायचे, शेकाट्या लांब तांबड्या पायांनी चिखलात चालायच्या. कुरव मात्र खोल पाण्यावर. कागदी होड्या सोडाव्यात तसे हलत राहायचे, नाहीतर ओरडत डोक्यावरून फिरायचे.

साळूबाईनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "एवढ्या लांबून ह्येंना कोन सांगतं, इथं पानी हाय म्हणून?"

"त्यांचंबी कायतरी इथं बुडलं असंल," नूरमहंमद म्हणाला. म्हणाला आणि ओशाळला. साळूबाई मात्र पाखरांकडं बघत राहिली.

सहादेव पाखरांकडं बघत नव्हता. त्यानं काठावर एक दगड हेरून ठेवला होता. दर खेपेला पाणी त्या दगडापासून किती मागं सरलं ते तो बघायचा. घरी वैजनाथ पाणी टिकलंय म्हणून खुशीत असायचा, आणि सहादेव अर्ध्या ताटावरून उठायचा. देवाकडं मागावं तर काय मागावं? एका घरात एकानं पाणी मागायचं आणि दुसऱ्यानं ते आटायला मागायचं, हे त्याला पटत नव्हतं. तो मागत मात्र होता.

माघ सरत आला. साळूबाईला आता बसूनच झोपावं लागे. सून रुपाली म्हणाली, "आत्याबाई, आज नगं जायला." साळूबाईनं चप्पल पायात सरकवली. सुजेमुळं ती बसेना, तशी अनवाणीच रिक्षापर्यंत आली.

काठावर वारा पडलेला होता. पाणी आरशासारखं. दगडापासून ते बरंच मागं गेलं होतं, पण देवळाचा पत्ता नव्हता. सहादेवानं मनातल्या मनात हात टेकले.

"अवं," साळूबाई म्हणाली, "ती पाखरं बगा."

"बगतोय की."

"न्हाई, नीट बगा. ती उभी हायेत."

सहादेवानं डोळ्यांवर हात धरला. दूर, पाण्याच्या मधोमध, पाच-सात कुरव दाटीनं होते. बाकीचे पाण्यावर बसून हलत होते. हे हलत नव्हते. त्यांचे पाय दिसत होते, पिवळसर तांबडे, आणि पाय पाण्यावर टेकलेले होते.

"शिखर हाय," नूरमहंमद पुटपुटला. "या खुदा. वहिनी, शिखराच्या माथ्यावर उभी हायेत ती. बोटभर पानी असंल वर."

सहादेवानं डाव्या हाताचं लिंबाचं झाड आणि पलीकडचा विजेचा खांब या नेहमीच्या खुणांवरून अंदाज घेतला. तीच जागा होती. तिथून चार हातांवर, मागच्या अंगाला, त्यांची लेक.

साळूबाईनं पदर डोक्यावर घेतला. रिक्षाच्या दांडीला धरून ती उभी राहिली, कुणाला हात लावू दिला नाही. तिनं हात जोडले, पण ते देवळाच्या जरा उजवीकडं. सहादेवाला ते कळलं. नूरमहंमद लांब जाऊन उभा राहिला.

हात खाली घेत ती म्हणाली, "ती आता नातवंडांची आजी झाली असती."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं विषय काढला होता. सहादेवाला बोलायचं होतं. त्यानं नुसतं "व्हय" म्हटलं. मग पाखरं एकदम उडाली आणि तिथं पुन्हा सपाट पाणी झालं.

फाल्गुनात साळूबाई गेली. चैत्रात कुरवही दिसेनासे झाले.

वैशाखात पाणी झपाट्यानं उतरलं. वैजनाथला मोटार दोनदा खाली सरकवावी लागली. "कसली नजर लागली पान्याला, आबा," तो चिडून म्हणाला. सहादेवानं मान खाली घातली.

देऊळ उघडं पडल्याची बातमी नूरमहंमदनं आणली. रुपालीनं पहाटेच पुरण शिजवलं. सहादेव घागर आणि निवद घेऊन निघाला तेव्हा गाळात अजून पाय रुतत होते. तो उंबऱ्याशी पोचला तेवढ्यात मागून बायांचा घोळका आला. त्यातली एक म्हणाली, "सहादेवआबा, सरा. ही बायांची पाळी हाय."

"तिची हाय," सहादेव म्हणाला.

कुणी पुढं आलं नाही. त्यानं वाकून उंबरा धुतला, खापरातली वात लावली, निवद ठेवला. मग देवळाच्या मागच्या अंगाला गेला आणि घटकाभर तिथं बसला. या जागी तो पहिल्यांदाच बसत होता.

तो परत आला तेव्हा नूरमहंमद शिडी लावून शिखरावर चढायच्या बेतात होता. माथ्यावर कुरवांच्या शिटेचे पांढरे ओघळ वाळून बसले होते. खाली बाया म्हणत होत्या, तेवढं धुतलं की झालं.

"नूर, उतर खाली," सहादेव म्हणाला.

"अरे, घाण हाय ती."

"ऱ्हाऊ दे."

नूरमहंमद खाली उतरला. सहादेवानं घागरीत उरलेलं पाणी देवळामागं नेऊन ओतलं.