चिंचेने घासलेली फुलदाणी

माझा राग नासत नाही, लोणच्यासारखा मुरतो. याची मला लाज वाटत नाही.

वडील देवळाली कॅम्पात एका साहेबांच्या बंगल्यावर माळी होते. साहेबांची बदली झाली तेव्हा बाईसाहेबांनी त्यांना निळ्या नक्षीची चिनी फुलदाणी दिली. आईच्या लेखी ती पितळेच्या भांड्यांपेक्षा वेगळी नव्हती. दर बुद्धपौर्णिमेला मूर्तीपुढे फुलं ठेवण्याआधी ती फुलदाणी चिंचेने घासून काढायची, बुडासकट. काठाचा टवका मात्र माझ्या हातून उडाला, नळाखाली धुताना.

घराचे पत्रे बदलायचे म्हणून वडील ती मेनरोडच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराकडे घेऊन गेले. मी सोबत होते. त्याने फुलदाणी उलटी केली, पांढरंशुभ्र बूड दाखवलं, इतकं स्वच्छ म्हणजे नवी, नकली म्हणाला आणि किरकोळ भावात ठेवून घेतली. महिन्याभराने तीच, टवक्यासकट, त्याच्या काचेच्या कपाटात 'दुर्मिळ' अशी चिठ्ठी लावून उभी होती. वडिलांनी जाब विचारला, तर चार गिऱ्हाइकांसमोर तो हसत म्हणाला, "तुमच्या घरात अस्सल वस्तू येणार कुठून?"

त्या वाक्यापायीच मी पुढे जुन्या वस्तूंची पारख शिकले.

गेल्या वर्षी एक गृहस्थ मला त्याच दुकानात घेऊन गेले. त्यांना एक फुलदाणी घ्यायची होती, त्याआधी ती तपासून हवी होती. पाहते तर आमचीच. भाव आणखी चढेल या हावेपायी आता म्हाताऱ्या झालेल्या दुकानदाराने ती इतकी वर्षं दाबून ठेवली होती. त्याने मला ओळखलं नाही. मी भिंगातून पाहिलं. निळा रंग झिलईच्या खाली होता, झिलईत बारीक बुडबुडे होते, घडण हाताची होती. फुलदाणी अस्सल होती. बूड तेवढं काळपट. जुनं दिसावं म्हणून त्याने चहाचं पाणी आणि काजळी चोपडली होती.

मी चिंच मागवली आणि आईसारखंच बूड घासलं. ते पांढरं झालं.

"हा मळ अलीकडे लावलेला आहे," मी म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. गृहस्थ ती नकली समजून तडक उठून गेले. त्यांना अर्धंच सांगितलं म्हणून मी त्यांच्याकडून फी घेतली नाही.

म्हातारा गयावया करू लागला. बाजारात अब्रू जाईल म्हणाला. मी त्याचं बोट धरून काठाच्या टवक्यावर ठेवलं.

"फुलदाणी अस्सल आहे. माझ्या वडिलांची. पण आता कोणाला पटवाल? तुमच्या दुकानात अस्सल वस्तू येणार कुठून?"