माणूस कधी करतोय देव?

पोथीला बसणाऱ्या पाच-सहा बायका, वाचणारा एक आणि मध्ये चहा, एवढं जमलं की किस्से आपोआप साठतात. फराळाच्या डब्याच्या तळाशी चुरा साठतो ना, तसे. आणि चव बघा, त्या चुऱ्यालाच जास्त!

आमचं मंडळ चातुर्मासात दर गुरुवारी सुमनवहिनींच्या ओटीवर बसतं. वाचतात बाळकाका. भातसानगरला धरणाच्या ऑफिसात जन्म काढून रिटायर झालेले. पोथीचा पहिला अध्याय सृष्टी कशी उत्पन्न झाली त्याचा. आणि सुमनवहिनींच्या सासूबाईंनी घालून दिलेला नियम असा, की अध्याय मध्येच तुटला तर पहिल्या ओवीपासून पुन्हा!

कधी फोन वाजतो, कधी कोणाची म्हैस सुटते. एकदा तर माझ्याच कुकरची शिट्टी चार घरं ओलांडून आली, मी उठून पळाले. सांगायची गोष्ट, चार चातुर्मास होत आले, तरी आमच्याकडे देवाने माणूस केलेला नव्हता. झाडं झाली, मासे झाले, की कोणीतरी उठायचंच!

*

"सुरुवातीला सगळीकडे पाणीच पाणी होतं," काका वाचत होते.

आमच्या नळाला त्या आठवड्यात तीन दिवस थेंब नव्हता. धरण हाकेच्या अंतरावर! आमच्यातली कुसुम शेवटी बोललीच, "आणि मग ते सगळं पाणी गेलं कुठं काका? मुंबईला?"

काका धरणाचे माणूस. चष्मा पुसत म्हणाले, "वरून ऑर्डर येते गं."

"देवाला पण?"

अध्याय तुटला.

*

सुमनवहिनींचे जावई इंजिनियर. एका गुरुवारी पाहुणे म्हणून बसले आणि सांगायला लागले, "मुळात काहीच नव्हतं. शून्य! त्यातून सगळं झालं."

कुसुम म्हणाली, "काहीच नव्हतं, तर देव उभा कुठे होता?"

जावयांनी काकांकडे पाहिलं. काकांनी पोथीकडे पाहिलं. "ते पुढच्या अध्यायात आहे," काका म्हणाले.

मी चार वर्षं निर्जळी एकादश्या करते आहे, पण तो पुढचा अध्याय काही दर्शन देत नाही!

*

आता हिराचं सांगते. हिरा गावकुसाबाहेरच्या वाडीवरची. पावसाळ्यात आमच्याकडे लावणी-कापणीला, दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर. पोथीला येते, पण बसते खालच्या पायरीवर. तिला तिथे बस असं कोणी सांगितलेलं नाही. वर ये असंही कोणी सांगितलेलं नाही. त्या कोणी-मध्ये मीही आले.

एकदा काका रंगात येऊन समजावत होते, "घट निराळा, पणती निराळी, पण माती एकच. तसं सगळं जग एकाच तत्त्वाचं. आत-बाहेर, वर-खाली काही नाही!"

हिराने पायरीवरून विचारलं, "मंग मी वर येऊ?"

सुमनवहिनी शांतपणे म्हणाल्या, "अगं, तत्त्व म्हणजे काय बसायची जागा आहे? बस तिथेच, वारा छान येतो."

वारा खरंच छान येत होता. मी मान खाली घालून वाती वळत राहिले. त्या दिवशी माझ्या वाती सगळ्या वाकड्या झाल्या.

*

दर वर्षी जाताना हिरा मला एकच विचारायची. "काकी, माणूस कधी करतोय गो देव? दर साली मासं होतात नि भट्टीची गाडी येते! आमी पण मातीच मळतो. तो कसा मळतो, त्येवढं ऐकायचं हाय."

मी म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." व्रत करणाऱ्या बाईला आशा फुकट मिळते!

*

यंदाचा शेवटचा गुरुवार. दिवाळी झालेली. हिरा बोचकं घेऊनच पायरीवर आलेली, कारण भट्टीची गाडी नाक्यावर यायची होती. अध्याय मासे ओलांडून पुढे गेला, पाखरं झाली, जनावरं झाली. आम्ही श्वास रोखून बसलो होतो.

आणि सुमनवहिनींचाच फोन वाजला!

"आता नियमाप्रमाणे पहिल्यापासून," वहिनी म्हणाल्या. तेवढ्यात नाक्यावर गाडीचा हॉर्न.

"थांबा," हिरा उभी राहिली. "पयल्यापासनं मी बोलते. तुमी वाचता हळू हळू."

आणि तिने धरलं! चार वर्षं ऐकून ऐकून पाठ झालेला अध्याय, पाण्यापासून जनावरांपर्यंत, धडाधड. काका ओवीवर बोट ठेवून मागे मागे धावत होते.

"पण पायरीवरून म्हटलेलं चालतं का?" सुमनवहिनी कुजबुजल्या.

"एक अक्षर चुकलं असेल तर सांगा," काका म्हणाले.

मी उठले आणि माझी चटई पायरीच्या तोंडापर्यंत ओढून दिली. हिराने एक पाय वर ठेवला. "हितवरच येतं मला. फुडं तुमी वाचा."

काकांनी पान उलटलं. "मग देवाने माती घेतली. पाण्याने मळली. आणि सारा दिवस खपून त्याने एक माणूस घडवला."

हॉर्न पुन्हा वाजला. हिरा हलली नाही.

"आख्ख्या दिसात एकच?"

"एकच."

हिराने बोचकं डोक्यावर घेतलं आणि पोट धरून हसायला लागली. "आमी दोघं दिसाला हजार इटा पाडतो! आमच्या मुकादमानं त्याला दुपारपर्यंत पण ठेवला नसता!"