चॉकलेटच्या जत्रेत मुलगा बघायला

मुलगा बघायला आपण फार तर नांदेड-परभणीला जातो. मी निघाले बेलीझला. हा देश कुठे आहे ते तिकीट हातात येईपर्यंत मलाही धड ठाऊक नव्हतं. मेक्सिकोच्या खाली, समुद्राला टेकून बसलेला एवढासा देश. माझी मधुरा तिथे कोकोच्या बागांमधली माती तपासते. फोनवर म्हणाली, "आई, सांतियागोशी लग्न करावंसं वाटतंय. पण आत्ता हो नाही काहीच म्हणू नकोस. इथे चॉकलेटची जत्रा भरते तेव्हा ये, त्याचं घर बघ, मग बोल."

निघायच्या दिवशी माझी धाकटी जाऊ सुमन हैदराबादेतल्याच हिमायतनगरहून आमच्या नल्लकुंट्याला आली. डब्यात उस्मानिया बिस्किटं आणि तोंडात टोमणा. "चॉकलेट काय हिमायतनगरात मिळत नाही, अक्का? मुलंसुद्धा मिळतात."

"बघून तर येते."

"या बघून. मला मात्र त्या घरचं पाणीही चालायचं नाही, सांगून ठेवते."

तीन विमानं बदलली. शेवटचं तर तारनाक्याच्या शेअर ऑटोएवढंच होतं. पायलटच्या मानेवरचा घाम दिसत होता. खाली जंगल, जंगलावर धुकं, आणि पलीकडे दुधात हळद पडल्यासारखा समुद्र. दिवस कुठला नि रात्र कुठली, काही उमजेना. उतरले ती झोपेतच चालत होते म्हणा.

मधू धावत आली. तिच्यामागे काळ्याभोर केसांचा, बुटका, लाजरा मुलगा. मधूने त्याला आमचे हैदराबादी दोनच शब्द शिकवले होते, हौ म्हणजे हो आणि नक्को म्हणजे नको. बॅग घेऊ का, असं त्याने हातानेच विचारलं आणि म्हणाला, "नक्को? हौ?" हैदराबाद सोडून इतक्या लांब आल्यावर हे कानावर पडलं, आणि मला हसू आवरेना. डब्यातल्या बिस्किटांचा पार भुगा झाला होता. तोही त्याने वाटेत चमच्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी जत्रा. माया लोक तिथले फार जुने रहिवासी, आणि कोको त्यांच्या देवघरातली वस्तू. पेरणीच्या आधी शेताला कोको दाखवतात, लग्न जुळवतानाही कोकोच. झाडाच्या बुंध्यालाच फळं लागतात, आपल्या फणसासारखी. फोडलं की आत पांढरा ओला गर, सीताफळाच्या नात्यातला वाटावा असा. चॉकलेटचा वाससुद्धा नाही. तो भाजल्यावर येतो.

मैदानभर तो वास पसरलेला, त्यात कोपालचा (हा तिकडचा ऊद) धूर. हरणाचे मुखवटे घातलेले पुरुष संथ नाचत होते. कुणी काठ्यांनी लाकडी पट्ट्या वाजवत होतं, आणि तो नाद पाण्याखालून आल्यासारखा यायचा. मला वाटलं, आपण अजून विमानातच आहोत आणि हे सगळं डुलकीत दिसतंय.

एका झावळ्यांच्या छपराखाली सांतियागोची आई दोमिंगा पाट्यावर बिया वाटत होती. पाटा-वरवंटा अगदी आपल्यासारखाच, फक्त पाट्याला पाय होते. मिरं घालून वाटलेला गोळा तिने पाण्यात कालवला आणि वाळल्या भोपळ्याच्या एका तुंब्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत राहिली, आपल्याकडे चहा वरखाली करतात तसा. तपकिरी फेस वर आला. तिने स्वतः एक घोट घेतला आणि तुंबा माझ्या हातात दिला.

आता माझी सवय. आमच्या घरी भांड्याला ओठ लावत नाहीत, पुढच्याला उष्टं नको म्हणून. मी मान मागे टाकली आणि वरून धार धरली. फेसाची कुठली धार! अर्धं तोंडात, अर्धं हनुवटीवरून थेट पदरावर. कडू, मिरमिरीत. आजूबाजूची माणसं हसली. दोमिंगा हसली नाही. तिने पदर लावल्यासारखा हात तोंडाशी नेला आणि पाट्याकडे वळली. सांतियागोची मान खाली गेली.

"काय झालं गं?" मी मधूला विचारलं.

"यांच्या घरात दोघी आया एकाच तुंब्यातून पितात. ओठ लावला नाही म्हणजे आपलं जमणार नाही, असं त्या समजतात."

"अगं मग आधी नाही का सांगायचं?"

मधूचे डोळे भरले होते. "सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी प्यायली असतीस, आई. मला तुझं खरं उत्तर हवं होतं."

तुंब्यातला फेस विरत चालला होता. मी तुंबा घेऊन दोमिंगाच्या शेजारी मातीतच बसले. "मधू, यांना सांग, वरून पिणं म्हणजे आमच्याकडे समोरच्याचा मान. आणि हेही सांग, की आमच्या लग्नात नवऱ्या मुलाला लावलेली हळद उरते ती मुलीला लावतात. उष्टी हळद म्हणतात तिला. ती लागल्याशिवाय आमची मुलगी नवरी होत नाही."

मधूने सांगितलं. इंग्रजीतून सांतियागोकडे, त्याच्याकडून त्यांच्या भाषेत. दोमिंगाने नीट ऐकून घेतलं, काहीतरी विचारलं.

"म्हणतायत, मग तिथे उष्टं चालतं?"

"तिथे तेच लागतं," मी म्हटलं, आणि तिने जिथे ओठ लावला होता तिथेच लावून प्याले. उरलेलं तिला दिलं. तिने ते संपवलं आणि माझ्या पदरावरचा डाग अंगठ्याने चोळत म्हणाली, "बांतिओश" (म्हणजे उपकार झाले).

सांतियागो अजून घाबरलेलाच. "नक्को?" त्याने मला विचारलं.

"हौ," मी म्हटलं.

परत आल्यावर सुमन हजर झालीच. मी दोमिंगाने दिलेल्या बिया तव्यावर भाजल्या, वाटल्या, दोन लोट्यांत वरखाली करून फेस काढला. नल्लकुंट्याच्या माझ्या स्वयंपाकघरात ते जंगल क्षणभर येऊन बसलं. पदराचा डाग काही गेला नाही. मीही फार घासला नाही. साता समुद्रांपलीकडे जाऊन मी चॉकलेट काय पाहिलं म्हणाल, तर आपल्याच हळदीसारखं काहीतरी.

एक घोट घेऊन मी लोटा सुमनपुढे केला. सवयीने मान मागे टाकून तिने लोटा उंच धरला.

"ओठ लाव, सुमन," मी म्हटलं. "तू मुलीची काकू आहेस."

लोटा तसाच वर राहिला. मग हळूच खाली आला, तिच्या ओठांपर्यंत.

"कडू आहे, अक्का," ती म्हणाली, आणि दुसरा घोट घेतला.