शनिवारचे ब्रेक

आमच्या घरात गाडी एकच. आठवडाभर ती मी आमच्या गडमुडशिंगी गावाहून शहरात राजारामपुरीतल्या क्लासला न्यायचे, शिकवायला. रविवारी नवरा तीच गाडी ट्रॅकवर पळवायचा. बक्षिसाचा प्रश्नच नव्हता. गावाबाहेरच्या ट्रॅकवर हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन जमत, त्यातला तो एक. फाउंड्रीत आठवडाभर लोखंड ओतल्यानंतर त्याला तेवढंच हवं असायचं.

सुरुवातीला तो नेहमीच्या ब्रेकपॅडवरच गेला. थोड्याच फेऱ्यांत ते इतके तापले की पेडल दाबूनही गाडी आवरेना, आणि तो वळणावर सरळ गवतात गेला. लागलं काही नाही. मग त्यानं ट्रॅकचे पॅड बसवले. ते कितीही तापले तरी धरत. गार असताना धरत नाहीत, हे मला सोमवारी कळलं.

सकाळी सासूबाईंना डोळे दाखवायला घेऊन निघाले होते. पुढचा उसाचा ट्रॅक्टर अचानक थांबला. मी ब्रेक दाबला, पण गाडी पुढं जातच राहिली.

"अगं, थांबीव की!" सासूबाई ओरडल्या.

मी पेडलवर जवळजवळ उभी राहिले. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाची टोकं बॉनेटला टेकली तेव्हा कुठं गाडी थांबली. सासूबाई दवाखान्यापर्यंत डॅशबोर्ड घट्ट धरून बसल्या.

संध्याकाळी हे सांगितल्यावर नवऱ्यानं बाहेर जाऊन बॉनेट पाहिलं. मग म्हणाला, "शनिवारी ट्रॅकचे घालायचे, रविवारी आल्यावर काढायचे. मी काढतो."

त्याची कंबर धरलेली. दोन-तीन आठवड्यांत जॅक माझ्या हातात आला. चाक काढा, जुने पॅड काढा, नवे सरकवा, परत चाक. नखांतली काळी पूड सोमवारी फळ्यासमोरही दिसायची. त्यात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. गॅरेजवाला म्हणाला, "दोन जातीचं पॅड एकाच डिस्कवर घासताय न्हवं? थर बसलाय. पॅडासंगं डिस्कबी बदलत जावा."

म्हणजे आता पॅड ज्या चकतीवर घासतात ती डिस्कही. शिवाय नवी जोडी आली की पॅड डिस्कवर घासून ती नीट बसवून घ्यायची: वेग घ्यायचा, जोरात ब्रेक मारायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग. पहाटे मोकळ्या रस्त्यावर आम्ही हे करत असताना दुधाची किटली अडकवलेला एक मोटारसायकलवाला शेजारी आला.

"काय पावणं, गाडी बिघडलीया व्हय?"

"न्हाय, ब्रेक बसवतोय," नवरा म्हणाला.

"मग थांबा की एकदाचं!"

तो निघून गेला. आम्ही हसलो नाही. मी म्हणाले, "मला होत नाही रे आता." एवढंच. भांडायलाही अंगात त्राण नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्यानं मधल्या जातीचे पॅड आणले. रस्त्यावर गार असतानाही धरणारे, ट्रॅकवर थोड्या फेऱ्यांपुरते टिकणारे. दोन फेऱ्या जोरात मारायच्या, एक हळू, ब्रेक निवू द्यायचे. डिस्क एकच, बदलाबदली बंद.

त्या रविवारी तो दुपारीच परत आला. सगळ्यांच्या मागं राहिला होता. मी विचारलं, "कसं झालं?"

"बरं झालं," तो म्हणाला. बूट न काढताच तो सोफ्यावर आडवा झाला. थोड्या वेळानं मीही शेजारच्या खुर्चीत डोळे मिटले. सासूबाईंनी पंखा लावला आणि दार लोटून घेतलं.