हाकेसाठी स्पीकर

माझ्या बापाचा जबडा मोसंबीच्या बांधावर फुटला. काठी एकच बसली, पण नेमकी बसली. सुट्टीवर आलेला मी दहा पावलांवर होतो. पाचोडहून त्याला शहरात आणला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं आवळले आणि सांगितलं, सहा आठवडे तोंड उघडायचं नाही.

साल दुष्काळाचं. बागवाला टँकरच्या पाण्यावर झाडं जगवत होता आणि आमची मेंढरं त्या झाडांचा पाला ओरबाडून, साली सोलून आली होती. चूक आमची, हे मी तेव्हाही मानलं. पण खाल्लं मेंढरांनी आणि मोडला बाप, हे मात्र मानलं नाही. बागेची माणसं जाताना बजावून गेली, "पुन्हा एक मेंढरू आत दिसलं तर मेंढराला नाय, तुम्हाला तोडू."

पाण्याची वाट त्या बागेला खेटूनच होती. दुसरी नव्हती. आणि मेंढरं चालायची फक्त बापाच्या हाकेवर. जीभ टाळूवर आपटून टक-टक-टक, मग लांब 'हेऽऽ हुर्र'. तेवढ्यावर सगळा कळप वळायचा. आई ओरडून थकली, मी ओरडून थकलो. मेंढरांनी ढुंकून पाहिलं नाही.

हाक माझ्याजवळ होती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. बजाजनगरात खोली करून कंपनीत कामाला होतो, तिथं गाणी ऐकायला बोटाएवढा प्लेयर घेतला होता. त्याला रेकॉर्डिंगचं बटण होतं. दिवाळीत घरी आलो तेव्हा गंमत म्हणून बापाची हाक भरून घेतली होती. पण प्लेयर कानात बोलणारा, रानात त्याचा काय उपयोग?

पैठण गेटजवळच्या एका दुकानात गेलो. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे चाचा होते.

"चाचा, याला स्पीकर पायजे. आवाज मोठा पायजे."

त्यांनी दोन काळी खोकी आणि एक जाडजूड ठोकळा मांडला. गाणं लावलं तशी काउंटरची काच थरथरली. "हेच द्या," मी म्हणालो. वॅट वाचता येत होते, पदवीधर होतो, मला कोण शिकवणार?

"सुनता कौन? घरवाले?"

"मेंढरं."

चाचांनी चष्मा वर केला. "तो गाना कायकू बजारे मियां? मेंढी का माल लगाव."

हाक लावली. त्या ठोकळ्यातून टक-टक येईना, नुसतं धप्प-धप्प. भरल्या पोत्यावर काठी हाणावी तसं. बांधावर मी हाच आवाज ऐकला होता.

"बंद करा."

"और इसकू प्लग लगता. रान में किधर खोसते?" चाचांनी कपाटातून विटेएवढा, चार सेलवर चालणारा स्पीकर काढला. दिसायला किरकोळ. गाणं त्यात पत्र्यासारखं वाजलं. पण हाक लावली आणि टक-टक अशी निघाली, की रस्त्यावर पुठ्ठा चघळणाऱ्या शेळीनं मान वर केली.

"लेव," चाचा म्हणाले, "गिऱ्हाईक ने पास कर दिया."

दुसऱ्या दिवशी मेंढरं पाण्याला काढली. तार लावलेला बाप पुढं जाऊन लिंबाखाली बसला होता. मी डोकं चालवलं. हाक एकसारखी वाजत राहील असा लावून प्लेयर स्पीकरला बांधला आणि स्पीकर बागेच्या बांधावर ठेवला, तोंड कळपाकडं. म्हटलं, बापाच्या हाकेवर वळतात, तर बांधावरनं हाक आली की बागेपासून वळून लांबनं जातील. लिंबाखालून बाप दोन्ही हात हलवत होता. मला वाटलं, शाबासकी देतोय.

बटण दाबलं आणि सगळा कळप बांधावर धावून आला. जन्मभर मेंढरांना एकच ठाऊक होतं, आवाज असेल तिथं मालक असतो, आणि मालकाकडं जायचं. धनगराचं पोर असून मला ते ठाऊक नव्हतं. पुढची मेंढरं बांध ओलांडून बागेत उतरलीसुद्धा.

दोघं काठ्या घेऊन आले. पहिला घाव एका मेंढीच्या पायावर बसला, हाड मोडल्याचं ऐकू आलं. दुसरा माझ्या खांद्यावर. मी दगड उचलून मारला, तो एकाच्या कपाळावर फुटला. मारला नाही असं लिहिता येईल, पण मारला. रक्त बघून बरंही वाटलं. तिसरी काठी पाठीत बसली तेव्हा गुडघ्यावर आलो आणि पुढ्यात स्पीकर दिसला, हाक मारतच होता. तो उचलून छातीशी धरला आणि पाण्याच्या वाटेनं पळत सुटलो. मागनं काठ्या, शिव्या, आणि त्यांच्याही मागनं खुरांचा आवाज. पाय मोडलेली मेंढी लंगडत सगळ्यांत शेवटी बागेबाहेर पडली, तेव्हा काठ्या थांबल्या. तो ठोकळा घेतला असता तर पळता आलं नसतं.

लिंबापाशी बापानं माझ्या थोबाडीत मारली. पूर्ण हातानं, मोठ्या माणसाला मारतात तशी. त्याला बोलायचं होतं, पण तारेतनं नुसता श्वास निघाला. मग त्यानं स्पीकर माझ्या हातातून काढून घेतला, कानाशी धरून स्वतःचा आवाज ऐकला, खांद्यावरच्या घोंगड्यात खोचला आणि पुढं चालू लागला.

मेंढरं त्याच्या मागं गेली. पाय मोडलेली मेंढी खांद्यावर घेऊन मी सगळ्यांत शेवटी. सहा आठवडे तो तसाच पुढं चालला, आणि बागेत पुन्हा एक खूर पडलं नाही.